दुसऱ्याचा सदरा

मावशीला रॅपमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हापासून रॅपवाली पोरं तिच्याकडे भांडणं घेऊन येत होती. टायरच्या दुकानाच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की तिची रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये काच, काचेपलीकडे एक माइक. नवऱ्याने थाटलेली खोली होती ती. जाहिराती आणि शाळांची गाणी रेकॉर्ड करायचा तो. त्याच्या हाताखाली बसून बसून ती शिकली. मग पोरं यायला लागली, सैल कपड्यांतली, भराभर बोलणारी. "एवढी कसली घाई रे, मागे कुत्रं लागलंय का?" असं ती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा सगळी हसली आणि तिला मावशी म्हणू लागली. तेच नाव पडलं. बँकेतल्या सहीवर तेवढं दुसरं होतं.

या पोरांची भांडणं गाण्यातून व्हायची. एकाने दुसऱ्याला चार ओळींत धुवायचं, दुसऱ्याने आठ ओळींत वाळत घालायचं. तिथपर्यंत मौज होती. पण दोघांच्याही मागे टोळकी असायची, आणि टोळक्यांना यमक कुठे जुळवता येतं? त्यांना फक्त हात उचलता यायचा. एकदा अशीच दोन पोरं तिच्या खोलीत एकमेकांच्या अंगावर धावून गेली, तेव्हा मावशी वैतागून ओरडली, "एवढा शहाणा आहेस ना? मग त्याच्या बाजूने म्हणून दाखव! त्याला काय लागलंय ते त्याच्या तोंडून म्हण बघू!" आई भांडखोर लेकरांवर डाफरते, त्यातलाच प्रकार. पण पोरगा हट्टाने माइकसमोर उभा राहिला, आणि दुसरा ऐकता ऐकता खाली बसला.

तिथून ती रीत पडली. पोरं तिला "सदरा घालणं" म्हणत. दुसऱ्याचा सदरा घालायचा, म्हणजे त्याचं दुखणं "मी" म्हणून स्वतःच्या शब्दांत रचायचं आणि माइकवर म्हणायचं. ज्याचं दुखणं असेल त्याने ऐकायचं. बरोबर उतरलं असेल तर म्हणायचं, "हो, हेच." नसेल तर "नाही", की पुन्हा लिही. आणि "हो, हेच" आलं, की ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याने एकच शब्द बोलायचा, "ऐकलं." खुलासा नाही, सफाई नाही. "पण" म्हणणारा उठून जिन्यात जाऊन बसायचा आणि डोकं थंड झालं की परत यायचा. फोन सगळ्यांनी आधीच बंद करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. या खोलीत भल्याभल्यांनी जिन्याची हवा खाल्ली होती.

अठरा वर्षांत मावशीने किती भांडणं मिटवली याची मोजदाद नव्हती, पण एक मात्र ती नेहमी सांगायची. कार्यक्रमांत माइक हातात दिला की तीच गोष्ट. आठ वर्षांपूर्वीची. दोन टोळकी, खाली रस्त्यावर सळया घेऊन उभी, वर त्यांचे दोन म्होरके. सकाळी अकराला दार बंद झालं ते चारला उघडलं. "मी पाच तास जागची हलले नाही," ती सांगायची. "चारला दोघं गळ्यात गळा घालून खाली उतरले. त्याच दिवशी आमचे हे गेले. झटका आला होता. मला कळलं तेव्हा सगळं संपलेलं. माझं घर मोडलं, पण दोन घरं वाचली." इथे लोक माना खाली घालायचे आणि मग टाळ्या वाजवायचे. मावशी डोळ्यांना पदर लावायची. खोटं काही नव्हतं त्यात. एवढंच, की नवऱ्याजवळ त्या दिवशी कोण होतं, हे त्या गोष्टीत कधी यायचं नाही.

तिचा मुलगा होता. सोळा वर्षांचा.

आता तो चोवीसचा झाला होता आणि सगळे त्याला गिरमिट म्हणत. लहानपणी प्रश्न विचारून विचारून डोक्याला भोक पाडायचा, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. त्यानेच पुढे तेच नाव गाण्यासाठी घेतलं. त्याचा जोडीदार भोंगा. शेजारच्या इमारतीतला, पहिलीपासूनचा मित्र. हा लिहायचा आणि तो म्हणायचा. भोंग्याचा आवाज असा, की माइक लावावा की काढावा हा प्रश्न पडे. दोघांची जोडी दहा वर्षं टिकली, आणि एका वर्षात फाटली. भोंग्याला एका मोठ्या कंपनीने एकट्याला बोलावलं, तो गेला. गिरमिटने गाणं काढलं, की याचा गळा भाड्याचा, शब्द माझे. भोंग्याने उत्तर दिलं, त्यात एक ओळ होती: "ज्या दिवशी तुझं घर रिकामं, त्या दिवशी खांदा कुणाचा?" मावशीने ती ओळ ऐकली होती. तिला वाटलं, हा अंत्ययात्रेबद्दल बोलतोय. उपकार काढतोय मेला, असं म्हणून तिने ती सोडून दिली.

त्या ओळीनंतर गिरमिट घर सोडून गेला. "इथून काम लांब पडतं," एवढंच म्हणाला आणि दोन पिशव्या भरून एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला. आठ महिने झाले. फोन केला की उचलायचा, जेवलास का म्हटलं की हो म्हणायचा. मावशीची पक्की समजूत होती, की शेजारीच भोंगा राहतो, रोज जाता-येता तोंड दिसतं, म्हणून पोरगा घरी येत नाही. भांडण मिटलं की येईल. त्याच्या पलंगावरची चादर ती दर रविवारी बदलत होती. कुणी झोपत नसलेल्या पलंगाची चादर मळते कशी, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

मग एका कार्यक्रमात दोघांच्या चाहत्यांत बाटल्या फुटल्या. कॉलेजातल्या एका मुलीच्या भुवईला सहा टाके पडले, डोळा थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाचा आयोजक जिना चढून आला. "मावशी, आता तुम्हीच," म्हणाला, आणि मग स्वतःच चाचरला, "म्हणजे, तुमचाच मुलगा आहे, तर तुम्ही नसाल बसणार..."

"का नाही बसणार?" मावशी म्हणाली. "मी कधी कुणाचा पक्ष घेतलाय?"

तिने गिरमिटला फोन केला. "आई, तू नको यात पडू," म्हणाला.

"अरे, मी काय तुझी बाजू घेणार आहे का? मला सगळे सारखे."

"तेच तर," तो म्हणाला.

मावशीला ते कौतुक वाटलं. आपल्या मनात असतं तेच माणसाला ऐकू येतं.

भर दुपारी बैठक ठरली. भोंगा आधी आला, मान खाली घालून, जिन्यात पायांचा आवाज न करता. एवढ्या दांडग्या पोराला एवढं हळू चालता येतं हे मावशीला नव्याने कळलं. मग गिरमिट आला. वाळला होता. दाढी वाढवलेली. मावशी उठायला गेली, पण उठली नाही. उठून जवळ घेतलं तर भोंग्याला वाटायचं, ही आई म्हणून बसलीय. "फोन," ती म्हणाली आणि डबा पुढे केला. दोघांनी फोन टाकले. गिरमिटने डब्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पहिला सदरा गिरमिटने घालायचा, असं तिने ठरवलं. स्वतःच्या मुलाला आधी वाकवलं, की कुणाला बोट दाखवायला जागा नको. दुसरी कुणी पोरं असती तर तिने नाणं उडवलं असतं.

गिरमिटने अर्धा तास वहीत खरडलं आणि काचेपलीकडे जाऊन उभा राहिला. भोंगा होऊन बोलू लागला:

*"लोक म्हणायचे, डोकं त्याचं, याचा नुसता गळा,*
*तू शेजारी उभा राहून हसायचास खळखळा.*
*एकदा तरी चारचौघांत म्हणायचं होतंस रे,*
*याच्या गळ्यावाचून माझी ओळ वहीतच मरे."*

भोंगा बाकावर बसून दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासत होता. "हो," म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच कुणाला ऐकू जाईल की नाही इतका बारीक झाला. "हो रे. हेच."

"ऐकलं," गिरमिट म्हणाला.

मावशीला हायसं वाटलं. अर्धी लढाई जिंकली होती. मनातल्या मनात तिने संध्याकाळच्या भाज्यासुद्धा ठरवल्या, दोन ताटांच्या.

आता भोंग्याची पाळी. त्याला लिहायची सवय नव्हती. तो कागदाशी झटत राहिला, खोडत राहिला. शेवटी कागद चुरगाळून खिशात घातला आणि तसाच आत गेला. माइकसमोर उभा राहून त्याने काचेतून मावशीकडे पाहिलं. "मावशी, इथे खरं तेच म्हणायचं ना?"

"नाहीतर काय? खोटं म्हणायला बाहेर जागा कमी आहे का?"

"राग नाही ना येणार?"

"मला कशाला राग येतोय? तुमचं तुमच्यात. चल, सुरू कर."

त्याने डोळे मिटले आणि गिरमिटचा सदरा घातला:

*"अकरा वेळा फोन केला, फोन डब्याच्या आत,*
*माझ्या हातात गार होत गेला बापाचा हात.*
*दोन घरं वाचली म्हणून सभेत पडतात टाळ्या,*
*मी कोपऱ्यात करत असतो वायरींच्या गुंडाळ्या.*
*मित्रा, तुझं निमित्त झालं. खरी ठसठस घरची.*
*ती ओळ तू चव्हाट्यावर नेलीस, तिने ऐकली वरवरची.*
*तिला वाटलं, तुझं-माझं. तिने पुसलंच नाही काही.*
*पुसेल म्हणून थांबलो होतो. आता थांबत नाही.*
*सगळ्यांचं ऐकते ती, तिथे रांग लागते मोठी,*
*माझा नंबर येत नाही. मी घरचाच ना शेवटी."*

मावशीच्या कानांवर हेडफोन होते. भोंग्याचा तो आवाज मध्ये हवासुद्धा नसल्यासारखा थेट आत शिरत होता. तिसऱ्या ओळीला आवाज चढला तेव्हा तिच्या उजव्या हाताने सवयीने समोरच्या यंत्रावरची पट्टी खाली ओढली, आवाज फाटू नये म्हणून. हाताला काय कळतंय? हात आपलं काम करत राहिला. शेवटची ओळ संपल्यावर तिने रेकॉर्डिंग थांबवलं, दोन सेकंद मोकळे सोडून, नेहमीसारखं.

खाली दुकानात टायरवर हातोडा पडत होता, तो गाद्यांमधून ठक ठक येत होता.

गिरमिट बाकावर ताठ बसला होता. त्याने आईकडे पाहिलं नाही. भोंग्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "हेच."

आता ज्याच्याबद्दल तक्रार, त्याने एक शब्द बोलायचा होता. या खोलीत मावशीने तो शब्द शेकड्यांच्या तोंडून काढून घेतला होता. गुंडांच्या, उर्मटांच्या, दारू पिऊन आलेल्यांच्या. किती सोपा शब्द! जीभ टाळूला लागत नाही तोवर म्हणून होतोसुद्धा. तिने तोंड उघडलं.

"पण मला कसं कळणार होतं रे?" ती म्हणाली. "खाली सळया घेऊन उभे होते... मी दार उघडलं असतं तर..."

गिरमिटने डोळे मिटले.

भोंगा काचेपलीकडे तसाच उभा होता. त्याला काय करावं कळेना. माणूस गांगरला की अंगवळणी पडलेलं बोलून जातो, तसं तो बोलला. "मावशी," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "जिना."

मावशी उठली. नियम तिचाच होता. ती बाहेर आली, दार तिच्यामागे आपोआप मिटलं, आणि ती लोखंडी पायरीवर बसली. उन्हाने पायरी तापली होती. दुकानदार खालून म्हणाला, "काय मावशी, आज तुम्हीच जिन्यात?" आणि हसला. तीही हसली. मग दोन्ही हात तोंडावर ठेवून बसून राहिली.

एक गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी सकाळी निघताना ह्यांनी म्हटलं होतं, "डावा हात जरा जड वाटतोय गं." ती म्हणाली होती, "बाम लावा, मी आलेच." आणि दुपारी दोनच्या सुमारास तिला ते आठवलं होतं. डबा हाताच्या अंतरावर होता. दोन म्होरके पाणी प्यायला उठले होते, दार उघडायचंही नव्हतं, नुसतं झाकण काढून एकदा फोन लावायचा. तिने नाही काढलं. नियमासाठी नाही. त्या दोघांची नजर तिच्यावर होती, एवढी मोठी माणसं तिच्या शब्दासाठी थांबली होती, आणि तिला ते फार फार आवडत होतं. खरं ते एवढंच होतं. घरी तिच्याकडे कुणी एवढ्या आशेने बघत नव्हतं. आणि ज्या सोळा वर्षांच्या पोराने तेव्हा तिला अकरा वेळा बोलावलं, त्याला तिने त्यानंतर एकदाही जवळ बसवून विचारलं नाही, "तू काय केलंस रे तेव्हा एकट्याने?" विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. म्हणून ती तीच गोष्ट सभांमधून सांगत राहिली, टाळ्यांच्या आडोशाने. आणि भोंग्याच्या त्या ओळीतला खांदा अंत्ययात्रेचा नव्हताच; त्या दुपारी तिच्या जागी पोराला धरायला धावून आला होता तो शेजारचा भोंगा, हे तिला आत्ता कळलं.

पदर भिजून गेला. रडू थांबेपर्यंत ती बसली, कारण रडत आत गेलं तर पोरगा विरघळेल, आणि विरघळून कुणी दिलेली माफी टिकत नाही, हेही तिनेच पोरांना शिकवलेलं. तिने मनात शब्द घोळवला. ऐकलं. ऐकलं रे बाळा. बाम लावा म्हणाले होते मी, तेही सांगेन. सगळं सांगेन.

ती उठून दाराशी आली. दारावरचा लाल दिवा लागलेला होता. आत रेकॉर्डिंग चालू होतं. लाल दिवा असताना दार उघडायचं नाही. दाराला कान लावला तर गाद्यांपलीकडून भोंग्याचा आवाज येत होता, आणि त्याच्या पाठोपाठ गिरमिटचा. दोघं एकत्र काहीतरी रचत होते. मध्येच कुणाचं तरी चुकलं आणि दोघं हसले. तिच्या मुलाचं हसणं तिने आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं. तिने हात कडीवरून खाली घेतला.

अर्ध्या-पाऊण तासाने दिवा विझला. दोघं बाहेर आले. भोंगा डोळ्याला डोळा न देता पुढे सटकला. गिरमिट दारात थांबला, हातात फोन होता, तो सुरू करत होता.

"ऐकलं," मावशी म्हणाली. "मी ऐकलं रे. आणि मला अजून..."

"असू दे, आई," तो म्हणाला. समजुतीच्या सुरात, खांद्यावर हलकेच थोपटून, बसमध्ये धक्का लागलेल्या परक्या माणसाला म्हणावं तसं. "उगाच त्रास करून घेऊ नकोस. झालं ते." आणि दोघं जिना उतरून गेले. खाली पोचल्यावर भोंग्याने त्याच्या खांद्यावर हात टाकलेला तिला वरून दिसला.

समेट पक्का झाला. आयोजकाने दोघांना एकाच मंचावर आणलं. भुवईला टाके पडलेली मुलगी पहिल्या रांगेत होती म्हणतात. लोक मावशीला फोन करून सांगत होते, तुम्ही स्वतःच्या मुलालासुद्धा सोडलं नाहीत, असा माणूस होणे नाही. एका सभेत तिला माइक दिला, तेव्हा ती म्हणाली, "आज घसा बसलाय," आणि खाली बसली. गोष्ट तिने पुन्हा सांगितली नाही. मुलाला ती रोज फोन करायची. तो रोज उचलायचा, गोड बोलायचा, आणि बामाच्या गोष्टीपाशी येईपर्यंत त्याला कुठेतरी जायचं असायचं. रविवारची चादर ती बदलत होती.

तीन आठवड्यांनी एका दुपारी तो आला. त्या दिवशी रचलेलं गाणं तिने नीट करून ठेवलं होतं, तेच न्यायला. खोलीत दोन नवी पोरं बाकावर बसली होती, एकमेकांकडे पाठ करून. मावशी खुर्चीवरून उठली. त्याने दाढी केली होती, अंग जरा भरलं होतं. छान दिसत होता.

"मावशी," तो दारातूनच म्हणाला, "आमचं गाणं झालं का?"

तिला वाटलं, पोरांसमोर म्हणून असेल. तिने पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला, तो हात एक क्षण धरून ठेवला. त्याने सोडवून घेतला नाही. "थँक यू हं," म्हणाला. "तुम्ही आवाज मस्त बसवलाय, भोंगा म्हणत होता."

तुम्ही. जन्मात त्याने तिला तुम्ही म्हटलं नव्हतं. तिने त्याच्या चेहऱ्यात नीट शोधलं. टोचून बोलण्याचा लवलेशही नव्हता. डोळ्यांत राग नव्हता, ओठांवर कडवटपणा नव्हता. मोठं ओझं कुठेतरी उतरवून आलेल्या माणसाचा शांत, हसरा चेहरा होता, आणि तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोरासारखा तो तिच्याशी अदबीने वागत होता.

"येत जा रे," ती म्हणाली.

"हो, येईन ना. काम असलं की येईनच."

तो जिना उतरून गेला. बाकावरची दोन पोरं आपापले फोन काढून तिच्या तोंडाकडे बघत बसली होती, आता डबा पुढे करेल म्हणून. मावशी दाराकडे बघत उभी राहिली. त्याचं तिच्याशी भांडण असतं, तर तिने मिटवलं असतं.